ओठ न हलवता बोलणारे महाराज

सकाळी महाराजांचं थेट प्रवचन सुरू झालं, की पडद्याच्या कडेने हजारो भक्तांचे नमस्कार धावू लागत. निवृत्त नर्सबाई चहाचा कप घेऊन फोनसमोर बसत. "मावशी आल्या का?" असं कुणीतरी लिहीच, मग महाराजही विचारत, "बाळा, कशी आहेस?" एकट्या जिवाला दिवसभरात तेवढीच काय ती हाक.

मग चमत्कार घडे. महाराजांच्या चेहऱ्यावर एकाएकी तेज चढे, दाढीचा केस न् केस दिसू लागे आणि दुसऱ्याच क्षणी ते स्तब्ध! ना पापणी हले, ना छाती. ओठ मिटलेले, आवाज मात्र खणखणीत: "बाळांनो, जो श्वासावाचून राहतो, त्याला औषधाची काय पत्रास? फेका त्या गोळ्या!"

जन्मभर दुसऱ्यांचे श्वास मोजलेल्या बाईंनी हृदयाच्या गोळ्या कचऱ्यात टाकल्या. थोड्याच दिवसांत पाय सुजले, जिना चढवेना.

परगावच्या लेकीने व्हिडिओ कॉलवर आईची धाप ऐकली आणि सगळं वदवून घेतलं. मोठमोठ्या सभा इंटरनेटवरून थेट दाखवणं हे तिचं रोजचं काम.

"आधी चित्र लख्ख होतं, मग महाराज थिजतात. असंच ना?"

"अगं, तू पण बघतेस?"

"आता माझ्याकडे बघ."

लेकीने व्हिडिओची क्वालिटी सगळ्यात वर नेली. तिच्या गालावरचा तीळसुद्धा स्वच्छ दिसला आणि ती थिजली. मिटल्या ओठांतून आवाज आला, "चढलं का माझ्यावर तेज?"

"अगं, ओठ मिटलेत तुझे!" बाई म्हणाल्या.

लेकीने क्वालिटी खाली आणली. चित्र धुरकट झालं, पण ओठ हलू लागले. "नेट कमी आणि चित्र जड, म्हणून ते अडकतं. आवाज हलका, तो निसटून येतो. त्यांचा चेला ऐन वेळी क्वालिटी चढवतो, एवढीच ती समाधी! आधी डॉक्टरांकडे जा. गाडी पाठवतेय."

"जाते. फसले गं मी. पण तो महाराज रोज विचारायचा, 'बाळा, कशी आहेस?' तू शेवटचं कधी विचारलं होतंस?"

चित्र नीट होतं, आवाजही नीट होता. लेकीचे ओठ हलले, शब्द फुटला नाही.

डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या. दुसऱ्या सकाळी बाईंनी प्रवचन लावलं नाही. खोली खायला उठली आणि त्या रडल्या.

वाचकहो, पडद्यावरच्या तेजाला हात जोडण्याआधी ते येतं कुठून, हे विचारा. औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका. आणि आपल्या एकट्या माणसाला "गोळी घेतलीस का?" हे रोज आपणच विचारा. आपण नाही विचारलं, तर विचारायला महाराज टपलेलेच आहेत.