सतराव्या पायरीची साक्ष

मी एक जुनी पायरी आहे. बारवेची सतरावी पायरी. पावसाळ्यात मी पाण्याखाली असते. माघापासून पाणी उतरू लागते, आणि वैशाखात ते बरोबर माझ्या कडेशी येऊन टेकते.

मित्रांनो, हट्ट्याहून औंढ्याकडे निघालात की वाटेत आमचे गाव लागते. गावाचे नाव मी सांगत नाही. सांगितले तर कोणाची आजी कोण होती ते तुम्ही शोधत बसाल आणि माझी गोष्ट बाजूला राहील. माणसाच्या वागण्यात दुष्टपणा येतो कुठून, हे मी एकदा अगदी जवळून पाहिले आहे. दगडाला काय दिसते, असे तुम्ही म्हणाल. पण माझ्यावर कित्येक पिढ्यांचे पाय पडले आहेत, आणि पायांवरून माणूस बराच कळतो.

मला काळ्या पाषाणातून घडवणारा पाथरवट मोठा कसबी होता. पाणी साचून शेवाळ धरू नये, म्हणून त्याने मला पुढच्या बाजूला जवभर उतार दिला. त्या उताराची सगळ्यांनी स्तुती केली. माझ्यावर कधी कोणी घसरून पडले नाही. माझ्यावर पाय धुतला, तर ते पाणीही त्याच उताराने परत बारवेत जाते. हे मात्र कोणाच्या ध्यानात आले नाही. माझ्याही नाही.

गावाच्या सगळ्या बायका माझ्यावर उभ्या राहून घागरी भरत. फक्त तांड्यावरच्या बायका नसत. ओढ्यापलीकडे बंजाऱ्यांचा तांडा होता, फुलसिंग नाईकाचा. त्यांनी बारवेत उतरायचे नाही, असा गावाचा दंडक होता. वरून कोणी ओतले तर घ्यायचे, नाहीतर ओढ्याच्या वाळूत झिरा उकरायचा, म्हणजे हातभर खड्डा, आणि त्यात झिरपेल ते पाणी वाटीने भरायचे. तांडा बहुतेक झिऱ्याचेच पाणी पीत असे.

१९३६ सालचा वैशाख होता. भर दुपारी, बारवेवर कोणी नसताना, गोजरबाई एकटीच खाली आली. ती पाटलाची, उकंडरावांची बायको. माझ्यावर बसून तिने डावा पाय घोट्यापर्यंत पाण्यात सोडला आणि पदर तोंडात कोंबला. तिच्या घोट्यावर नारू निघाला होता. नारू म्हणजे दोऱ्यासारखा लांब किडा. तो कातडीखाली वाढतो, मग फोड आणून बाहेर डोकावतो. त्याची आग निखाऱ्यासारखी असते. गार पाण्यात पाय धरला की जरा बरे वाटते.

तिने तो लपवला होता. नारू निघाला म्हणजे माणसाने नवस मोडला, असा गावात समज होता. वैशाखात मरीआईची पहिली ओटी पाटलीण भरत असे, आणि नारू निघालेल्या बाईला देवीच्या ओट्यावर चढता येत नसे.

वरून कोणीतरी पायऱ्या उतरत आले. तांड्यावरची पारुबाई होती ती, फुलसिंगची भावजय.

"तू खाली काहून आलीस?" गोजरबाई दचकून म्हणाली. "कुणी पाहिलं तर?"

"तुमी कण्हून राहिल्या. ऐकवंना," पारू म्हणाली आणि सोळाव्या पायरीवर टेकली. "बाई, त्याला ओढू नगा. तुटला तर पाय सडंल. थांबा."

तिने बाभळीची काटकी आणली आणि किड्याचे टोक तिच्यावर अलगद गुंडाळले. त्या दिवशी बोटभर, दुसऱ्या दिवशी बोटभर. चौदा दुपारी ती आली. चौदाव्या दुपारी किडा सबंध निघाला.

"पारू, गळ्याची आण हाय. कुणाला बोलशील?"

"मी तर बारवेत उतरलेच न्हाई, बाई. मग बोलू काय?"

दोघी हसल्या. गोजरबाईने त्या वर्षी ओटी भरली.

पुढचा वैशाख आला. गावात एकदम एकतीस जणांना नारू निघाला. औत जागच्या जागी उभे राहिले. गोजरबाईची सहा वर्षांची मुलगी शालू अंथरुणाला खिळली. सकाळी पाणी भरताना शेजारची मंजुळाबाई म्हणाली, "त्या पारूला काडीवर नारू काढता येतो म्हणं. तिला बोलवावं. आजवर कुणाकुणाचा काढला, ते बी इचारावं."

माझ्यावर उभ्या असलेल्या गोजरबाईची बोटे आकसली. ते मला जाणवले. ती म्हणाली, "तांड्यावर एकाला बी नारू न्हाई. काहून न्हाई?"

एवढेच. मित्रांनो, या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. तिच्या मनात पारूविषयी राग नव्हता. भीती होती, आणि ती भीती आपल्यावरून दुसरीकडे सरकवायची होती.

मग मी ते वाक्य वाढताना ऐकले. दुसऱ्या खेपेला मंजुळाबाई म्हणाली, "पाटलीणबाईला संशय हाय." दुपारी कोणी म्हणाले, करणी आहे. संध्याकाळी ग्यानबा गुराखी म्हणाला, "मागल्या साली भर दुपारी पारू बारवेतून वर येताना म्या डोळ्यांनी पाहिली." ग्यानबाने पाहिले ते खरे होते, पण अर्धे होते. उरलेले अर्धे मला ठाऊक होते, आणि मला तोंड नव्हते.

तिसऱ्या दिवशी सकाळी सगळे गाव बारवेच्या काठावर जमले. वसमतच्या दवाखान्यातले कंपाउंडर राधाकृष्ण शालूच्या पायाला पट्टी बांधायला आले होते, तेही होते. उकंडराव म्हणाले, "फुलसिंग नाईक, झिरा बुजवा अन् तांडा उचला."

"वैशाखात कुठं नेऊ, पाटील?" फुलसिंग म्हणाला. "पाण्याबिगर लेकरं वाटंतच मरतील."

"मग पारूनं खरं सांगावं. बारवेत उतरली व्हती का न्हाई?"

"उतरले व्हते," पारू म्हणाली.

"काहून?"

ती गप्प राहिली. तिने एकदाही गोजरबाईकडे पाहिले नाही.

"न्हाई सांगत तर हितलं पाणी पिऊन दाखव!" गर्दीतून आवाज आला. "करणी आसंल तर तिच्यावरच उलटंल!"

"जरा थांबा, पाटीलसाहेब," राधाकृष्ण म्हणाले. त्यांनी एक घागर मागवली. धोतराचे पांढरे फडके दुहेरी करून पाणी गाळले, फडके उलटे करून वाटीत झटकले आणि उकंडरावांच्या हाती भिंग दिले. "काय दिसतं?"

"बारीक किडं हायेत. पिसवेवानी उड्या मारून राहिले."

"बराबर. गेल्या वैशाखात नारू निघालेला एखादा पाय या पाण्यात बुडाला. नारूची पिल्लं पाण्यात सुटली, ती या किड्यांनी खाल्ली, आणि किडे तुम्ही प्यालात. नारू अंगात वर्षभर वाढतो, मग बाहेर येतो. तांड्याचं पाणी वाळूतून गाळून येतं. तुम्ही त्यांना बारवेत उतरू दिलं नाही, म्हणून ते वाचले. त्यांचा गुन्हा इतकाच."

 मला वाटले, पारू सुटली. पण लगेच ग्यानबा ओरडला, "मंग हिनंच पाय बुडवला!"

पारूने घागरा घोट्याच्या वर उचलला. "पाहा. डाग हाय का कुठं?"

"चेटकिणीला डाग पडत न्हाई!"

त्या दिवशी मला एक गोष्ट समजली. भिंगातून किडा दिसला, तरी मनाने आधीच ठरवले असेल तर माणूस तो किडाही आपल्या बाजूने उभा करतो.

कोणीतरी बारवेच्या पाण्याने तांब्या भरून पारूपुढे धरला. तिने घेतला. "पिते मी. तांडा तरी ऱ्हाईल."

"पारुबाई, नका!" राधाकृष्ण म्हणाले. "आज काही होणार नाही. पुढच्या वैशाखात होईल."

तिने तांब्या ओठांशी नेला. तेवढ्यात गर्दीतून गोजरबाई पुढे आली आणि तिने हाताच्या फटक्याने तो उडवला. तांब्या पायऱ्यांवरून खणखणत खाली आला, एकेक पायरी करत, आणि माझ्यावर आदळून थांबला. माझ्या कडेचा कपचा उडाला. तो अजून तसाच आहे. तुम्हाला दाखवता आला असता तर मी मिरवला असता.

गोजरबाईने डावा पाय काठावर ठेवला आणि लुगडे घोट्यावरून सारले. पांढरा वण सगळ्यांना दिसला.

"ह्यो पाय बुडला," ती म्हणाली. "माहेरच्या पाण्यातून नारू आणला म्या. लपवला. पारूनं चौदा रोज काडीवर काढला, मला दिलेल्या शब्दापायी ती आज गप हाय. अन् पयली बोलले ती मी. 'काहून न्हाई' म्हणले. मला तिचा राग न्हवता. मला भ्याव वाटलं. पाण्यानं असं व्हतं, ते मला ठावं न्हवतं. पण ती निर्दोष हाय, ते ठावं व्हतं."



 उकंडराव एकेक पायरी उतरत माझ्यापर्यंत आले, तांब्या उचलला आणि माझ्या उतारावर हात फिरवून पाहिला. वर जाऊन म्हणाले, "वडाराला बोलवा. पायऱ्यांची वाट चिणून टाका. काठावर रहाट बसवा. आजपासून बारवेत कुणीच उतरायचं न्हाई. पाटील बी न्हाई." मग ते फुलसिंगसमोर उभे राहिले. त्यांचा आवाज खाली आला होता. "नाईक, चुकी झाली. रहाट बसंपर्यंत तुमच्या झिऱ्याचं पाणी गावाला मिळंल का?"

फुलसिंगने मिशीवरून हात फिरवला. "मिळंल. पण वरून ओतू. झिऱ्यात उतरायचं न्हाई."

उकंडरावांनी मान खाली घातली. तेव्हा फुलसिंगनेच हसून म्हटले, "थट्टा करून राहिलो, पाटील. या. वाटी मात्र आपापली आणा." तीन दिवसांत गाव पहिल्यांदा हसले. त्याच दुपारी पारूने शालूच्या पायाला काडी लावली. भर ओसरीवर, सगळ्यांसमोर.

आठ दिवसांत वाटेच्या तोंडाशी भिंत उभी राहिली. रहाटाचा पहिला दोर गोजरबाईने पारूच्या हाती दिला. तिने ओढलेली पहिली घागर उन्हात चमकत वर गेली, ती मी खालून पाहिली.

निघताना राधाकृष्ण सांगून गेले होते, "जे आधीच पोटात गेलंय, ते पुढच्या वैशाखात निघेल. घाबरू नका. त्याच्या पुढच्या वैशाखात पाहा." तसेच झाले. १९३८ साली नऊ जणांना नारू निघाला. कुजबुज पुन्हा सुरू झाली. पण आता गोजरबाई रोज पहाटेपासून रहाटाशी दुहेरी फडके घेऊन बसत असे. गाळल्याशिवाय एक घागर हलू देत नसे. कोणी नाव घेऊन कुजबुजले, की ती मोठ्याने विचारी, "तू पाहिलंस का? सगळं पाहिलंस का अर्धं?"

१९३९ चा वैशाख आला. पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. घरोघरी लोक एकमेकांचे घोटे पाहत होते. महिना संपला. गावात एकालाही नारू निघाला नाही. एकालाही नाही! मग रहाटापाशी हलगी वाजली, तांड्यावरच्या बायका फेर धरून नाचल्या, आणि मंजुळाबाई त्यांच्यात शिरून चुकीच्या पायावर नाचली. गोजरबाईने दोन वर्षे ओटीचा मान सोडला होता. त्या वर्षी गावाने तिलाच बोलावले. ती पारूचा हात धरून ओट्यावर चढली. वर हलगीचा ताल आणि खाली पाण्यावर त्याचे तरंग. वरखाली माझ्या बहिणी, बाकीच्या पायऱ्या, थरथरत होत्या.

त्यानंतर नारू आमच्या गावात आला नाही. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसचे, राजवट पालटण्याचे दिवस फार भीतीचे होते. रोज नवी अफवा येई, आणि शेजारी शेजाऱ्याकडे तिरके पाहू लागे. पण आमच्या गावात कोणी कोणावर बोट दाखवले, की म्हातारी माणसे म्हणत, "बारवेवर येऊन सांग." सांगणाऱ्याने रहाटाशी उभे राहून, ज्याच्याविषयी सांगायचे त्याच्यासमोर, स्वतः पाहिले तेवढेच सांगायचे. बहुतेक जण वाटेतूनच परत जात. त्या दिवसांत आमच्या गावातून एकही घर उठले नाही. तांडाही तिथेच आहे.

मित्रांनो, दुष्टपणा कुठून येतो, हे मी त्या वैशाखात ऐकले. तो राक्षसासारखा गर्जत आला नाही. नेहमी सगळ्यांशी गोड बोलणाऱ्या एका बाईच्या भीतीतून तो एका लहानशा प्रश्नाच्या रूपाने निघाला, आणि ज्यांनी तो न तपासता पुढे दिला, त्यांनी त्याला वाढवला. तो इतका बारीक असतो, म्हणूनच तिथल्या तिथे अडवताही येतो. एका बाईने अडवला. एका फडक्याने अडवला.

आज १९४८ साल आहे. अकरा वर्षे झाली, माझ्यावर मनुष्याचा पाय पडलेला नाही. माझ्यावर आता बेडूक बसतात. माझ्यासारख्या जुन्या वस्तू सहसा म्हणतात, आम्हाला विसरू नका, आमची काळजी घ्या. माझी विनंती उलटी आहे. मला खुशाल विसरा. माझ्यापर्यंत येणारी वाट बंद आहे, ती बंदच ठेवा. भिंतीचा चिरा ढळला तर लगेच बसवा, आणि फडके विरले तर नवे घ्या.

आत्ताच वर रहाट करकरला. घागर खाली येते आहे. माझ्यापासून हातभर अंतरावर ती पाण्याला टेकेल, भरेल आणि मला न शिवता वर जाईल. रोज शंभर वेळा ती अशी जाते, आणि शंभरही वेळा मी जिंकते.