पाणचक्कीच्या दारातला काळा दगड

मी एक जुने जाते आहे. खरे म्हणजे होते. आता मी एक फरशी आहे आणि तुमच्यासारख्यांचे चिखलाचे पाय पुसते.

मित्रांनो, जाते म्हणजे दोन दगड. खालचा माझा भाऊ. घणाचे दोन घाव बसले आणि तो दुभंगला. बोलते आहे ती मी, वरची तळी. माझ्या मधोमध दाणे घालायचे भोक आहे, काठाला खुंट्याची खोबण आहे. हल्ली दोन्हींत पावसाचे पाणी साचते.

आमच्या गावामागे काळ्या दगडाचा डोंगर आहे. त्यातून एका बापाने मला फोडून काढले, थंडीभर घडवले आणि लेकीच्या लग्नात तिला दिले. तिचे नाव ओदलीन. ती सासरी आली तेव्हा बैलगाडीत एक पेटी, एक शेळी आणि मी, एवढाच संसार होता. गाव गढीच्या धन्याचे. आठवड्यातले तीन दिवस त्याच्या शेतावर वेठ करायची आणि उरलेल्या दिवसांत आपले पोट भरायचे. पण दळण तरी घरचे होते. ओदलीन पहाटे जव दळायची, दुपारी राय नावाचे काळपट धान्य दळायची. शेजारणी म्हणायच्या, "हिच्या जात्याचं पीठ बघ, किती मऊ. हिच्या भाकरीला लोणी नको." अशी स्तुती ऐकली की मला फार बरे वाटायचे. लपवून काय करू?

मग धन्याने ओढ्यावर पाणचक्की बांधली आणि दवंडी पिटवली. यापुढे दळायचे ते पाणचक्कीतच आणि प्रत्येक पोत्यातला वाटा गढीला द्यायचा. घरात जाते सापडले तर ते जप्त. कारभारी गॉसलँ घरोघर फिरला. कुणाच्या सासूचे जाते गेले, कुणाच्या आजीचे गेले. अकरा जाती त्याने गोळा केली आणि पाणचक्कीच्या दारात चिखल होतो म्हणून ती तिथेच पालथी-उताणी बसवली. बारावी जागा रिकामी राहिली. ती माझी होती, पण ओदलीनने मला आणि भावाला कोंबड्यांच्या खुराड्याखाली पुरून वर पेंढा घातला होता.

जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात, असे लोक म्हणतात. जात्याला काय वाटते, ते मात्र कुणी विचारत नाही. मला भीती वाटायची, कारण मी मुकी नाही. मी फिरले की घरघरते, आणि ती घरघर चार घरांपलीकडे जाते.

यावर ओदलीननेच तोड काढली. तोवर तिचा नवरा वारला होता आणि तिचे कान पार गेले होते. घर चर्चच्या भिंतीला लागून होते. दिवसातून तीनदा मोठी घंटा वाजली की जमीन थरथरायची आणि तिच्याबरोबर मीही थरथरायचे. ओदलीन घंटेच्या आधी आम्हाला बाहेर काढायची आणि दाणे घालून माझ्यावर तळहात ठेवून बसायची. थरथर सुरू झाली की खुंटा फिरवायची, थांबली की थांबायची. घंटेच्या आवाजात माझी घरघर बुडून जायची आणि एका घंटेत दोन मुठी पीठ व्हायचे. अशी सहा वर्षे काढली आम्ही, आणि गॉसलँला पत्ता लागला नाही.

सातव्या वर्षी ईस्टरच्या आधीच्या बुधवारी तिची सून पेरॉन बाळंत झाली. मुलगी झाली, अलाझे. पोरगी चिमणीएवढी होती. पेरॉनचे अंग तापाने फणफणले होते आणि तिला दूध येईना. ओदलीनने जव उकडून भरवले, ते तिच्या पोटात ठरेनात. तिला पातळ पेज हवी होती, आणि पेजेला पीठ हवे होते. सबंध आठवडा पाणचक्कीत गढीच्या सणाचा गहू दळला जात होता. पुढे चक्की उघडणार ती थेट मंगळवारी. शेजारणींच्या मडक्यांतही नुसते दाणेच होते.

आणि गुरुवारपासून घंटा बंद.

आमच्याकडे ही रीत आहे. येशूच्या दुःखाचे दिवस आले की घंटा मुकी होते, ती शनिवारपर्यंत. त्या दिवसांत चर्चचा सेवक लांबेर लाकडी फळीवर हातोडी बडवत गावाला तीन फेऱ्या घालतो आणि लोकांना प्रार्थनेला बोलावतो. तो आवाज कानठळ्या बसवणारा असतो, पण त्याने जमीन हलत नाही.

शुक्रवारी दुपारी ओदलीनने दारातून पाहिले. लांबेर फळी बडवत गेला. तिने मनाशी हिशेब केला की तीन फेऱ्या म्हणजे बराच वेळ, दोन मुठी सहज होतील. तिने आम्हाला खुराड्याखालून ओढून काढले, मला भावाच्या पाठीवर बसवले आणि दळायला घेतले. तिचा मुलगा गार्निये तेव्हा गढीच्या तबेल्यात वेठीला होता. पेरॉन झोपली होती.

लांबेरचे गुडघे त्या वर्षी दुखत होते. पोटात अन्न नव्हते, उपास होता. एक फेरी झाली आणि तो विहिरीच्या कठड्यावर टेकला. फळी थांबली.

ओदलीन थांबली नाही.

मित्रांनो, त्या क्षणाइतकी मला स्वतःची लाज कधी वाटली नाही. सगळे गाव चिडीचूप होते. कुत्रेसुद्धा भुंकत नव्हते, आणि मी एकटी घरघरत होते. मला कळत होते. थांब, बाई, थांब, असे मी म्हणत होते. पण मी म्हणणार कशाने? मला एकच आवाज येतो आणि तोच आमचा घात करत होता.

पेरॉन जागी झाली. "आई, थांबा. आई." तिला उठवत नव्हते. तिने पलंगाखालचा लाकडी जोडा घेऊन भिरकावला. तो ओदलीनच्या पाठीत बसला. ओदलीनने वळून पाहिले, सुनेचा चेहरा पाहिला आणि हात थांबवला. तोवर गॉसलँ उंबऱ्यात उभा होता.

"वा, म्हातारे. देवाच्या मरणाच्या दिवशी गाव उपाशी आणि तुझं दळण जोरात," तो म्हणाला. "किती दिवसांपासून चाललंय हे?"

ओदलीनला वाटले, तो बाळाचे विचारतो आहे. ती झग्याला हात पुसत उठली. "तीन दिवसांची झाली, कारभारी. मुलगी आहे. तुमच्या आशीर्वादाने जगेल."

गॉसलँ हसला नाही. क्षणभर त्याने पाळण्याकडे पाहिले. मला वाटले, हा आता मागे फिरेल. पण त्याच्यामागे चार माणसे गोळा झाली होती आणि त्यांच्यादेखत सोडून दिले असते तर त्याच्यावरच शेकले असते. "जातं उचला. पीठ पुरावा म्हणून गढीवर न्या," तो म्हणाला.

"पीठ तरी राहू द्या," पेरॉन म्हणाली. "दोन मुठी आहे. मोजून बघा हवं तर."

"माझ्या हातात काय आहे, पोरी?" असे म्हणून त्याने पिठाचा वाडगा उचलला.

शनिवारी रात्रीच्या प्रार्थनेला घंटा परत वाजली. सगळे गाव एकमेकांना मिठ्या मारत होते. अलाझे सोमवारी गेली. मंगळवारी पाणचक्की उघडली.

भावाला घणाने फोडले आणि मला बाराव्या जागेत बसवले. तिथे मला एक गोष्ट कळली. दळणाला आलेल्या बाया रांगेत उभ्या राहत नाहीत. जी ती आपल्या जात्यावर उभी राहते. चक्कीवाला थट्टा करतो, "या, या, आपापल्या आसनावर बसा." त्या पोते डोक्यावर घेऊन तशाच उभ्या राहतात.

ओदलीन बरेच दिवस आलीच नाही. गावात कुजबुज होती. म्हातारीने बहिरेपणात नात घालवली, असे बाया म्हणत. मग शरद ऋतूत एकदा सासू-सुना दोघी आल्या. पेरॉन पोते खाली ठेवून माझ्यापुढे उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाली, "एवढं ओरडायची काय गरज होती गं तुला? तुझ्यामुळं झालं सगळं. दुसऱ्या कुणामुळं नाही." एकेक करून सगळ्या बायांनी माना खाली घातल्या.

तिने तो दोष मला दिला आणि मी घेतला. दगडच मी. म्हातारीपेक्षा मला तो कमी जड.

ओदलीनला यातले काही ऐकू आले नाही. तिने जोडे काढले आणि अनवाणी माझ्यावर उभी राहिली. तेवढ्यात दुपारची घंटा झाली. जमीन थरथरली, मी थरथरले. ओदलीनने डोळे मिटले, आणि तिचा उजवा हात हवेतच गोल गोल फिरू लागला. एक, दोन, तीन. कुणी हसले नाही. घंटा थांबली तरी हात थांबला नाही, तेव्हा पेरॉनने पुढे होऊन तो हळूच आपल्या हातात धरला.

ओदलीन पुन्हा आली नाही. पेरॉन येते. ती माझ्यावर उभी राहत नाही, बाजूला चिखलात उभी राहते.

मित्रांनो, माझे एकच मागणे आहे. मला उचलून कुठे मांडू नका, पूजाही करू नका. पण कधी एखाद्या जुन्या दारात मधोमध भोक असलेला काळा दगड पायाखाली आला, तर जरा बाजूने जा. आणि तुमच्या घरी कुणाला ऐकू येत नसेल, तर लांबून हाक मारू नका. उठा, जवळ जा आणि हात धरा.