हवालदारांची पितळी पट्टी

आबा गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी रक्षा सोडायला आम्ही नदीवर गेलो, तेव्हा आईने त्यांची तंबाखूची डबी माझ्या हातात दिली.

"ही बी सोड पाण्यात. जल्मभर खिशातनं काढली न्हाई. जाऊ दे त्यांच्यासंगं."

मी डबी उघडली. तंबाखू नव्हतीच. खाकी चिंधीत गुंडाळलेली बोटाएवढी एक पितळी पट्टी होती. पट्टीला मधे फट, आणि फटीवर एका टोकाला रिव्हेट मारलेली पातळ जीभ. कुपवाडच्या कारखान्यात बारा वर्षं लेथ चालवतोय मी, पितळ मला नवं नाही. पण हा पार्ट कशाचा, काही केल्या कळेना. शिट्टीचा म्हणावा तर लांब, घड्याळाचा म्हणावा तर जाड. भटजी घाई करत होते. मी झाकण लावलं आणि डबी कृष्णेत सोडून दिली.

माझे वडील हंबीरराव कोरेगावला बीट हवालदार होते. अठ्ठ्याऐंशी साली रिटायर होऊन उंब्रजला घरी आले. सरकारने त्यांचं बीट काढून घेतलं, पण त्यांनी काही ते सोडलं नाही. दर महिन्याच्या शुद्ध एकादशीला पांढरा शर्ट घालायचे, "बीटवर जाऊन येतो" म्हणायचे आणि साताऱ्याची एसटी धरायचे. यायचे दुसऱ्या दिवशी. आई विचारायची, "आवं, रिटायर माणसाला कसलं बीट?" आबा म्हणायचे, "हाय थोडं काम." याच्या पुढं त्यांच्याकडून शब्द काढून दाखवावा.

आईने मनातल्या मनात कोरेगावात एक बाई उभी केली होती. आबांना ती कधी बोलली नाही, मला मात्र दर सुट्टीत ऐकवायची. मी तिला वेड्यात काढायचो आणि रात्री मलाच झोप यायची नाही. एकदा त्यांच्या मागोमाग जायचंही ठरवलं होतं. पण पोलिसाच्या मागावर जाणार कोण? साताऱ्याच्या स्टँडवरच त्यांनी माझी मानगूट धरली असती.

एक गोष्ट मला ठाऊक होती. त्यांना गाण्याचा नाद होता. दुपारी एकटे असले की सांगली आकाशवाणी लावून पडायचे आणि खाटेच्या लाकडावर बोटं चालवायचे. आम्ही कुणी आत गेलो की रेडिओ बंद, पेपर तोंडासमोर. चोरी पकडल्यासारखं करायचे. त्यांच्या तोंडून साधं गुणगुणणं मी ऐकलं नव्हतं.

दहाव्याला घाटावर पिंड मांडला आणि कावळा काही शिवेना. बाभळीवर चारपाच बसलेले होते, खाली एकही उतरेना. ऊन चढायला लागलं. आई पुढं झाली, हात जोडून म्हणाली, "माझी काळजी नगा करू." कावळे ढिम्म. मी म्हणालो, "आईला कुपवाडला नेतो." आईने माझ्याकडे असं बघितलं की ती येणार नाही हे कावळ्यांनाही कळलं असावं. मग घराची कौलं बदलतो म्हणालो, विहिरीला कठडा बांधतो म्हणालो. माझ्याजवळची आश्वासनं संपली. आपल्या बापाची एक इच्छा आपल्याला सांगता येत नाही, याची मला भयंकर लाज वाटली.

तेव्हा मागे उभे असलेले दोन म्हातारे पुढं आले. त्यांना मी कधी बघितलेलं नव्हतं.

"आमी पिंपळमाळचं. कोरेगावच्या पल्याड," त्यातला एक म्हणाला. "मी नाथाजी, वरल्या आळीचा. ह्यो गुंडा, खालच्या आळीचा. सतरा वर्सामागं भजनाच्या पेटीवरनं आमच्या दोन आळ्यांची मारामारी झाली. डोकी फुटली. पेटी कुणाची म्हून."

"मग आबांनी आत टाकलं तुम्हाला?"

"न्हाई ना! साहेबांनी पेटी उघडली, आतली एका सुराची पट्टी काढली आन खिशात घातली. म्हनले, पेटी देवळात ऱ्हाईल. एकादशीला मी येतो आन पट्टी बसवतो. दोनी आळ्या एका सतरंजीवर बसल्या तर वाजंल, न्हाई तर ऱ्हाऊ द्या मुकी. तवापास्नं एक एकादशी चुकली न्हाई."

गुंडाअण्णांनी डोळे पुसले. "आन गवळण म्हनायची तर त्यांनीच. लय गोड गळा."

"कुणाचा?" आई म्हणाली. "आमच्या ह्यांचा?" सतरा वर्षं मनात वागवलेली ती कोरेगावची बाई तिच्या तोंडावरून क्षणात निघून गेली, आणि त्या जागी राग आला. "आन मला एक ओळ बी ऐकवली न्हाई व्हय?"

नाथाजी माझ्याकडे वळले. "पट्टी तुमच्यापाशी असंल. म्हना, आनून बसवतो म्हून. बगा कावळा शिवतो का न्हाई."

आठवड्यापूर्वी याच पाण्यात, वीस पावलांवर, मी ती पट्टी सोडली होती. खरं सांगायला हवं होतं. पण सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, आई तर डोळ्यांत पाणी आणून बघत होती. मी म्हणालो, "येत्या एकादशीला पट्टी घेऊन येतो."

वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा उतरला आणि पिंडाला चोच मारून गेला. सगळ्यांनी हात जोडले. मी तेवढा गोंधळून उभा. आबांनी उभा जन्म खोटं बोलणाऱ्यांना पकडण्यात घालवला होता. आपल्याच पोराचं ढळढळीत खोटं त्यांना चाललं कसं?

कुपवाडला परतल्यावर पहिल्या सुट्टीला मिरज गाठली. पेटी दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याला म्हणालो, पट्टी पाहिजे. त्याने विचारलं, "कुठल्या सुराची?" ते मला माहीत असतं तर आणखी काय पाहिजे होतं! त्याने कीव करून एक तुटकी पट्टी नमुन्याला दिली. त्यावरून जेवणाच्या सुट्टीत मी तीन पट्ट्या केल्या, कानशीने घासघासून. फुंकर मारली तर पहिली वाजेचना, दुसरी शिंकली, तिसरी वासरासारखी हंबरली. हंबरणारी घेतली. एक नवी डबी आणून फरशीवर घासून जुनी केली, उंब्रजला जाऊन आबांच्या गणवेशाची चिंधी फाडली. पोलिसाच्या घरात बसून मी खोटा पुरावा तयार करत होतो आणि माझं मलाच कळत नव्हतं की फसवतोय कुणाला.

एकादशीला दिवेलागणीच्या सुमारास पिंपळमाळच्या देवळात पोचलो. एका सतरंजीवर दोन्ही आळ्या बसल्या होत्या. मधे घोंगडीची घडी, आबांची जागा. मला तिथंच बसवलं. पेटी उघडी होती आणि आत एका पट्टीची जागा रिकामी. मी दोन बारीक स्क्रू आवळले. नाथाजींनी पेटीवर हात ठेवला, आणि बरोबर माझ्या पट्टीवर बोट पडलं की वासरू हंबरायचं. दर वेळी मी मान खाली घालायचो. कुणी हसलं नाही, कुणी थांबलं नाही. आबांची गवळण सगळ्यांनी मिळून म्हटली.

सकाळी गुंडाअण्णा मला एसटीच्या फाट्यावर सोडायला आले. माझ्याने राहवेना.

"अण्णा, मी खोटं बोललो. आबांची पट्टी मी नदीत सोडली. ही माझ्या हातची."

अण्णांनी बंडीच्या खिशातून कागदाची पुडी काढली. आत पितळी पट्टी, लख्ख.

"ही पेटीची. मिरजेवरनं आनलीय, पंधरा वर्सं झाली. रोजच्या भजनाला हीच असती. एकादशीला सकाळी तेवढी काढून ठेवतो."

"कशाला?"

"साहेबांची जागा मोकळी नगो? त्यांच्या पट्टीची जीब कवाच वाकली हुती. लय बेसूर लागायची. पन सांगनार कोन? दुसरी हाय म्हनलं तर ते यायचंच बंद करतील."

"आणि आळ्यांचं भांडण?"

"ते तिसऱ्याच वर्सी मिटलं. नाथाजीची लेक माजी सून हाय."

"मग आबांना हे ठाऊक होतं?"

"देव जाने. आमी इचारलं न्हाई, त्यांनी सांगितलं न्हाई." एसटी आली. मी पायरीवर चढलो, तेव्हा ते म्हणाले, "कान मातुर लय तयार हुता त्यांचा. म्होरल्या एकादशीला येताय न्हवं? तुमची पट्टी साहेबांच्यापेक्षा जरा बरी लागती."

उंब्रजपर्यंत मी तेच घोळवत आलो. एवढा तयार कान, त्याला आपली पट्टी बेसूर लागते हे कळलं नसेल? कळूनही पांढरा शर्ट घालून हा माणूस पंधरा वर्षं जात राहिला? कोण कुणासाठी जात होतं, कोण कुणाला बोलावत होतं, मला सांगता येत नाही. आज मीही एकादशीला जातो, तेव्हा तर आणखीच नाही.

आई उंबऱ्यात बसली होती. पट्टीबद्दल काही विचारलं नाही तिने.

"ते म्हनायचे ती गवळण ऐकलीस?"

"ऐकली."

"म्हन."

"आई, माझा आवाज कसा आहे माहीत आहे ना तुला?"

"बेसूर असंल तर असू दे," आई म्हणाली, आणि पदर सावरून भिंतीला टेकून बसली. "म्हन तू."

मी तिच्या शेजारी बसलो आणि आठवेल तशी म्हणायला लागलो.