वीज परत आल्यावर

“माणूस पारखायचा असेल, तर त्याच्या हाती मदरबोर्ड द्यावा!” समस्त मानवजातीला मार्गदर्शक ठरेल असा हा सिद्धांत मांडून वजनमापे खात्याच्या निवृत्त निरीक्षकांनी संगणकाचा नवाकोरा मदरबोर्ड टेबलावर ठेवला. पालथा.

“बाबा, उलटा आहे तो,” लेक म्हणाली.

“ठाऊक आहे. यांच्या लक्षात येतंय का, ते बघत होतो.”

‘हे’ म्हणजे समोर बसलेला दंतवैद्य. लेकीने त्याला आपणहून पसंत केलं होतं, पण बाबांच्या होकाराशिवाय लग्न करणार नाही असंही तिनेच सांगून टाकलं होतं. निरीक्षकांनी आयुष्यभर तराजू नापास केले होते आणि ती सवय निवृत्त व्हायला तयार नव्हती. फावल्या वेळात संगणक जोडतो, असं दंतवैद्य बोलून गेला, तिथेच सापडला.

“लेकीला घरांचे नकाशे काढायला नवा संगणक हवाय. बोर्ड मी स्वतः निवडलाय. कसा आहे, स्पष्ट सांगा.”

नावं ठेवली तर उद्धट, वाखाणला तर लाळघोट्या. दोन्हीकडून नापास करायची सोय होती.

“अजून माहीत नाही,” दंतवैद्य म्हणाला. त्याने बोर्ड सुलटा करून खोक्यावर ठेवला, पुस्तिका काढली आणि पहिल्या पानापासून वाचायला लागला.

निरीक्षक थक्क झाले. वस्तू मोडण्याआधी पुस्तिका वाचणारा पुरुष त्यांच्या खानदानात जन्मला नव्हता.

दाढ बसवावी तशा हलक्या हाताने त्याने मेमरीच्या दोन पट्ट्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत दाबल्या.

“पहिली रिकामी असताना?”

“यात तसंच सांगितलंय.”

जोडणी झाली, पडदा उजळला. बोर्डाच्या सेटिंगमधल्या पर्यायांच्या ओळीमागून ओळी सरकू लागल्या. निरीक्षक नाक पडद्याला टेकेपर्यंत वाकले.

“एवढासा बोर्ड, आणि एवढं सगळं विचारतो?” त्यांचा आवाज देवळात असल्यासारखा खाली आला. “सगळं कमाल करून टाका!”

“आधी आहे तसं चालू दे. कुठे दुखतंय ते कळल्याशिवाय मी हात घालत नाही.”

एका ओळीवर मात्र तो थांबला. “वीज जाऊन परत आली, तर काय करायचं? बंद राहायचं, आपोआप सुरू व्हायचं, की आधी जसं होतं तसं?”

“सुरू! त्यात विचारायचं काय?”

दंतवैद्याने बटण दाबलं नाही. तो लेकीकडे वळला. “तुला काय हवंय गं?”

“बंद राहू दे. मी समोर नसताना आपलं आपण सुरू झालेलं नाही आवडत मला.”

त्याने ‘बंद’ निवडलं. वाद नाही, उपदेश नाही, ‘बघ हं’ नाही.

निरीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. या घरातले पडदे, लेकीची शाळा, बायकोच्या चष्म्याची काडीसुद्धा त्यांनी रीतसर तपासणी करून निवडली होती. विचारायचीही पद्धत असते, हे त्यांना आत्ता, डोळ्यांदेखत दिसत होतं.

“मग, बोर्ड कसा आहे?” त्यांनी विचारलं.

“चांगला आहे. तिच्या कामाला जरा जास्तच आहे.”

“खुर्ची पुढे घ्या, जावईबापू.”

लेकीच्या हातातला स्क्रू कुठेतरी घरंगळला. कोणी शोधला नाही.

निरीक्षक स्वयंपाकघरात गेले. बायको गरगरत्या पंख्याखाली मटार सोलत होती.

“नापास?” तिने मान वर न करता विचारलं.

“पास.”

ते तिथेच उभे राहिले. मग घसा साफ केला.

“तुला काय हवंय गं?”

तिने मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

“कोणाला, मला?”

“तुला.”

सोललेली शेंग तिच्या हातात तशीच राहिली. निरीक्षक ताठ उभे होते. दागिना, प्रवास, वेळ पडली तर माफी, सगळ्याची तयारी ठेवून. तिने बराच विचार केला.

“तो पंखा जरा कमी करता?” ती म्हणाली. “लग्न झाल्यापासून गारठतेय मी.”