सरकारांना हरवायचं कसं

विश्वासराव गोल्फ असा खेळत की बघत राहावं, आणि हरत तर त्याहून सुरेख. दरबारी शिरस्ताच होता तो: सरदारांशी शेवटपर्यंत बरोबरीत राहायचं आणि शेवटच्या भोकाशी चेंडू केसभर बाजूने घालवायचा. सरदार संभाजीराव, म्हणजे सगळ्यांचे 'सरकार', खुशीत मिशीला पीळ देत, आणि विश्वासरावांची नोकरी सुखाने चाले.

पण संस्थान गेलं, मागोमाग नोकरीही. आता छप्पन साली प्रांताची राजधानीच शहरातून भोपाळला निघाली होती. क्लबच्या नव्या कमिटीने ठरवलं, स्पर्धा जिंकेल तो क्लबचा पगारी शिक्षक. नाहीतर विश्वासरावांच्या नशिबी भोपाळच्या कचेरीत टपालावर शिक्के मारणं होतं. नुसत्या विचाराने त्यांना धाप लागे.

"आज सरकारांचं तोंड बघू नका, सिर्फ चेंडू बघा," दाना ओलीतल्या घरातून निघताना त्यांच्या पत्नी वनमालाबाईंनी बजावलं.

अंतिम सामन्यात समोर नेमके संभाजीरावच. सतराव्या भोकाशी विश्वासराव एकाने पुढे होते, आणि हातभर अंतरावरून त्यांचं मनगट आपसूक वळलं. चेंडू केसभर बाजूने गेला. बरोबरी झाली. ते घामाघूम झाले. हरायचं मनात नव्हतं, पण हाताला कोण सांगणार?

शेवटच्या, अठराव्या भोकाशी सरकारांचा नेम हुकला. आता विश्वासरावांचा एक छोटा फटका, की सामना खिशात. ते वाकले आणि थांबले. बघायला आलेल्या जुन्या दरबारी मंडळींनी सवयीने माना खाली घातल्या. सरकारांनी एकदा त्या माना पाहिल्या, एकदा विश्वासरावांचं वळू पाहणारं मनगट.

"विश्वास, इतकी वर्षं हेच चाललं होतं?"

विश्वासरावांनी चेंडूवरची नजर काढली नाही.

"म्हणजे मी आजवर एकदाही जिंकलो नाही," सरकार सावकाश म्हणाले. मग एकदम खो खो हसत सुटले. "अरे, मग निदान हरू तरी दे की धडपणे. मार बेधडक."

विश्वासरावांनी मारला. चेंडू टुपकन भोकात पडला. वनमालाबाईंनी पदर सावरत टाळ्या पिटल्या. विश्वासरावांना इतका आनंद झाला की त्यांना बसूनच घ्यावं लागलं.

सरकार शेजारी येऊन गवतात बसले. "उद्यापासून मला शिकव. पहिल्यापासून."

विश्वासरावांनी मान वर केली. "सहाला या, सरकार," ते म्हणाले. "उशीर चालणार नाही."