जाम झालेला सेन्सर

वहिनी गाडी दामटतात, हा निकाल त्या घरात वर्षभरापूर्वीच लागला होता. निकाल देणारे तिघे: वहिनींचा नवरा, धाकटा दीर आणि नवऱ्याचा शाळेपासूनचा दोस्त असलेला गॅरेजवाला. तिघांपैकी एकानेही काचा लादून ती गाडी कधी हाकली नव्हती. पण निकाल द्यायला अनुभव लागतो, असं कुणी सांगितलंय?

धंदा काचांचा. नवरा कापायचा, वहिनी पोचवायच्या. जुन्या पिकअपच्या मागे तिरकी लाकडी चौकट, तिच्यात जुन्या रजया घालून उभ्या केलेल्या खिडक्यांच्या काचा आणि मोठाले आरसे. इतक्या वर्षांत वहिनींच्या हातून एका काचेचा टवका उडाला नव्हता. जिच्या पाठीशी आरसे उभे आहेत ती बाई गाडी दामटेल कशी, हा साधा प्रश्न तिघांपैकी एकालाही पडला नाही. डोकी तिघांनाही होती, पण वापरायची तसदी कोण घेणार!

झालं होतं असं, की गाडी पेट्रोल फार प्यायला लागली, मागून काळा धूर ओकायला लागली आणि समोरचा इंजिनाचा दिवा काही केल्या विझेना. नवऱ्याने गाडी दोस्ताकडे नेली. संध्याकाळी परत आणली ती एक निदान घेऊनच. धुराच्या पाइपात ऑक्सिजन सेन्सर म्हणून अंगठ्याएवढा तुकडा असतो. जळून बाहेर पडणाऱ्या हवेत प्राणवायू किती उरला ते तो इंजिनाला कळवतो. तो बिघडला की इंजिन आंधळेपणाने पेट्रोल ओढत सुटतं. तर तो सेन्सर खराब झाला होता, दोस्ताने नवा टाकला, आणि वर निरोप दिला की यापुढे गाडी प्यायली तर वहिनींच्या पायाला विचार, गाडीला नको. दिव्याचं काय? तर म्हणे जुन्या गाडीत तो असाच लागतो.

गाडी पीतच राहिली आणि वहिनी बोलणी खात राहिल्या. जेवायला बसलं की दीर विचारायचा, आज विमान किती उंच गेलं होतं. गॅरेजवाला रस्त्यात भेटला की हसून म्हणायचा, नाचता येईना अंगण वाकडं. वहिनींनी नवऱ्याला किती वेळा सांगितलं, अहो, गाडीतच काहीतरी आहे, वास बघा, धूर बघा. नवरा म्हणायचा, सेन्सर तर बदललाय. आता आणखी काय बदलू?

परवा धुराच्या तपासणीत गाडी नापास झाली आणि नवऱ्याने जेवताजेवता, भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं तितक्या सहज सांगून टाकलं, की सोमवारपासून गाडी धाकटा चालवेल. तू दुकान सांभाळ. किल्ली खिळ्याला लावून ठेव.

ती गाडी म्हणजे वहिनींचा निम्मा दिवस, त्यांची ओळख, गल्लीबाहेरचं सगळं जग. तिची किल्ली खिळ्याला लावायची, आणि तीही न केलेल्या गुन्ह्यासाठी. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात ते हेच.

शनिवारी त्या कुणालाही न विचारता सुट्या भागांच्या दुकानात गेल्या. दुकानदाराने दिवा, धूर, वास सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, सेन्सर. तो तर वर्षापूर्वीच बदललाय, असं वहिनींनी सांगितल्यावर त्याने खांदे उडवले आणि नवा काढून दिला. सोबत बाजूला चीर असलेला पाना दिला, वायर त्या चिरेतून बाहेर राहावी म्हणून. नव्याच्या आट्यांवर करडा मलम होता. तो पुसू नका, त्याने बजावलं, पुढे कधी काढायची वेळ आली तर त्याच्यामुळेच सहज निघतो.

रविवारी सकाळी वहिनी चटई टाकून गाडीखाली शिरल्या. दीर पायरीवर बसून उंटावरून शेळ्या हाकत होता. पाना लावला, ओढला, सेन्सर हलेना. तेल सोडलं, थांबल्या, पुन्हा ओढला, तरी हलेना. म्हणून तारेच्या ब्रशने घासायला घेतलं, तर गंजाचे पापुद्रे निघता निघेनात. सेन्सर कुठे संपतो आणि पाइप कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. मलमाचा कुठे मागमूस नव्हता.

वहिनींचा हात थांबला. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते त्यांना त्या चटईवर पडल्यापडल्या कळलं. त्या बाहेर आल्या, हात पुसले आणि दिराला म्हणाल्या, गॅरेजवाल्याला बोलावून आणा. त्यांचा चेहरा बघून दीर मुकाट्याने उठला.

गॅरेजवाला हसतच आला. तोवर नवराही बाहेर येऊन उभा राहिला होता.

"भाऊजी, तुम्ही बसवलात ना?" वहिनी म्हणाल्या. "मग तुम्हीच काढून दाखवा."

उष्णतेने जाम होतात हो, असं काहीबाही पुटपुटत तो गाडीखाली शिरला. बराच वेळ त्याचा नुसता श्वास ऐकू येत होता. मग पाना सटकला आणि त्याची बोटं सोलवटली. बॅटरी दाखवायला दीर खाली वाकला होता. वायरीवर बॅटरी फिरवत तो तसाच थांबला.

"दादा," तो हळूच म्हणाला, "या वायरीवरच्या चिखलाचा दगड झालाय. हा कधी निघालेलाच नाही."

गॅरेजवाला बाहेर आला. आधी म्हणाला, त्या दिवशी गर्दी फार होती. मग म्हणाला, कामगाराला सांगितलं होतं, त्याने केलं नसेल. शेवटी म्हणाला, एवढ्याशा तुकड्यावरून घर कशाला डोक्यावर घ्यायचं? माफी तेवढी त्याच्या तोंडून निघाली नाही. तीही जाम झाली असावी.

नवऱ्याने दोस्ताच्या पाठीवर हात ठेवला. "जाऊ दे गं. चुकतं माणसाचं. चहा टाक."

दोस्ताचा वर्षभराचा खोटेपणा एका कपात विरघळला.

"चहा तुम्ही टाका," वहिनी म्हणाल्या. "यांनी फसवलं, ते एक वेळ मी सोडून देईन. ते परके. पण काचा बसवायला जाताना तुम्ही माझ्या शेजारी बसून येता. मी गाडी कशी चालवते ते तुमच्या डोळ्यांनी बघता. तरी वर्षभर यांचा शब्द खरा आणि मी खोटी?"

गॅरेजवाल्याला एकदम काहीतरी काम आठवलं आणि तो चालता झाला.

वहिनींनी इंजिन चालू करून पाइप चांगला तापू दिला, मग बंद केलं. काचा धरायचे जाड हातमोजे चढवले, पान्याच्या दांड्यात लोखंडी नळी घातली आणि पुन्हा खाली शिरल्या. नवरा मदतीला वाकला तर म्हणाल्या, लांब व्हा. वर्षभराचा सगळा संताप त्यांनी त्या नळीवर टाकला. सेन्सर किंचाळला, हलला आणि निघाला. काजळीने काळाठिक्कर पडलेला तो तुकडा त्यांनी नवऱ्याच्या कापायच्या टेबलावर नेऊन ठेवला. नवा आधी हाताने फिरवला, मग पान्याने आवळला. इंजिनाने जुना बिघाड विसरावा म्हणून गाडीच्या बॅटरीची तार काढून परत लावली. इंजिन सुरू झालं, दिवा लागून विझला. काळा धूर नव्हता.

सोमवारी किल्ली खिळ्याला नव्हती. मागे आरसे लादले, शेजारी नवरा येऊन बसला. फार चांगलं वागायचं ठरवलं होतं त्याने. दिव्याकडे बघून म्हणाला, खरंच विझला की. आवाज बघ किती मऊ झालाय. गाडी गल्लीच्या वळणाला आली आणि जुन्या सवयीने त्याच्या तोंडून निसटलं, "जरा हळू."

वहिनींनी गाडी कडेला घेतली आणि उभी केली.

"उतरा."

"अगं, तोंडातून गेलं..."

"उतरा म्हटलं ना."

तो उतरला. वहिनींनी हात लांब करून त्याच्या बाजूचं दार ओढून घेतलं आणि गाडी काढली. मागचे आरसे वाजलेसुद्धा नाहीत. रस्त्याच्या कडेला उभं राहून ते त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं.