म्हशीला सांगितलेला पट्टा

पडाववाले अजून नव्या पैशांना नाक मुरडत होते, त्या वर्षीची ही गोष्ट. शिमग्याच्या आधी आगबोटीतून पडावात आणि पडावातून मालवणच्या वाळूत उतरलेल्या चाकरमान्यांत चेहरा पाडून उतरलेला एकटा सहदेवच. बाकीच्यांनी बायकांसाठी पातळं आणली होती, पोरांसाठी चेंडू आणले होते, आणि आचऱ्याची गाडी येईपर्यंत त्यांची मस्करी चालली होती. सहदेवानं मुंबईहून फक्त रजा आणली होती, आणि ती कशाला आणली हे कुणाला सांगायची त्याला लाज वाटत होती. सव्विशीतला हा बाप्या गोदीत कारकून होता, आणि आता गावी येऊन दांडपट्टा शिकणार होता.

हौस म्हणून नव्हे हो. आचऱ्याच्या खाडीपलीकडे त्यांची वाडी. तिथली पावणाईची पालखी शिमग्याला देवळातून निघून मांडावर येते. मांड म्हणजे होळीभोवतीचं मोकळं आवार. तिथे पालखीपुढे थोरल्या घरच्या पुरुषानं पट्टा खेळायचा आणि तो पुरा झाला की मगच पालखीनं पुढे जायचं, असा त्या घराचा मान. पट्ट्याचं पातं छातीइतकं लांब आणि लवलवतं असतं, मुठीवर कोपरापर्यंत लोखंडी खोबळा असतो, आणि फिरवणाऱ्याला अक्कल नसेल तर पहिला कान त्याचाच जातो. सहदेवाचे वडील तुकाराम हा मान जन्मभर सांभाळून गेल्या श्रावणात वारले. सहदेव शाळेच्या वयापासून गिरगावात मामाकडे वाढलेला. त्यानं आजवर हातात धरलेलं सर्वांत लांब हत्यार म्हणजे छत्री.

यंदा थोरल्या घरानं पट्टा खेळला नाही, तर मान धाकल्या घराकडे जाणार होता, आणि वाडीत एकदा गेलेला मान परत आल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. धाकलं घर म्हणजे तुकारामाचा सख्खा धाकटा भाऊ गुणाजी. पंचाईत अशी, की वाडीत पट्टा येणारा आता तोच एक उरला होता. आणि त्याहून मोठी पंचाईत अशी, की तो थोरल्या घराशी बोलत नव्हता.

भांडण झालं होतं हद्दीवरच्या एका माडावरून, सहदेवाच्या जन्माच्या आधी, त्याच्या आईचं लग्नही व्हायच्या आधी. गुणाजीनं तेव्हा रागाच्या भरात पावणाईसमोर शपथ घेतली, की ह्या घराशी माझ्या तोंडातून शब्द जायचा नाही. पुढे तो माड एका वादळात आडवा झाला आणि त्याचं सरपणही जळून गेलं. शपथ तशीच राहिली. देवीसमोर दिलेला शब्द देवीसमोरच, गुरवाकडून गाऱ्हाणं घालून सोडवावा लागतो, आणि तेवढं नमतं घ्यायला दोघांपैकी एकही भाऊ तयार नव्हता. एक तर आता गेलाच.

"तेच्या दारात जातलंस?" आईनं, रुक्मिणीनं, कपाळाला हात लावला. "तेकाच तर मान व्हयो आसा!"

"मगे खंय जाव, आये? दुसरो कोण आसा?" सहदेव म्हणाला. आई डोळ्यांना पदर लावून बसली. नवऱ्यामागे तिला घरात एवढी एकच गोष्ट उरल्यासारखी वाटत होती, आणि ती जाऊ नये म्हणून तिचा जीव खालीवर होत होता.

संध्याकाळी सहदेव नारळ घेऊन काकाच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, गेला. गुणाजी म्हशीला गवत घालत होता. उंच, हडकुळा, पांढऱ्या मिशांचा माणूस. सहदेवानं नारळ पायरीवर ठेवला, पाया पडला आणि मुंबईहून पाठ करून आणलेलं सगळं सांगितलं. गुणाजीनं ऐकलं की नाही कळायला मार्ग नव्हता. शेवटी तो म्हशीच्या पाठीवर थाप मारून म्हणाला,

"गो म्हशी, उद्या फटफटीत होवच्या आधी खळ्यात येवचां. नारळ परत नेवचो. आमका कोणाचे नारळ नकोत."

सहदेव नारळ उचलू की नको अशा विचारात तसाच उभा राहिला. तेव्हा आतून नर्मदाकाकीचा आवाज आला, "तुकाच सांगतत रे! म्हस काय, रोज थंयच आसता."

तर असा तो सहदेवाचा पट्टा सुरू झाला. म्हैस खुंट्याला बांधलेली, सहदेव खळ्याच्या मध्यावर, हातात पट्ट्याऐवजी माडाच्या झावळीचा दांडा, आणि गुणाजी म्हशीकडे तोंड करून शिकवतोय. "गो म्हशी, गुडघो वाकव. गो म्हशी, हात सैल सोड, मनगट फिरव." इथवर ठीक होतं. पण त्या घरात म्हशीलाही काही सांगायचं असायचंच की! "सर पाठी!" असं गुणाजी ओरडला, तेव्हा सहदेव झपकन मागे सरला आणि पाठच्या शेणखताच्या खड्ड्यात मांडीपर्यंत गेला. म्हैस पाटीतला कोंडा सांडत होती, तिला ते सांगितलेलं होतं. मग "बस आता, बस!" झालं तेव्हा सहदेव शहाणा होऊन बसला नाही, तर ते नेमकं त्याला होतं. बसून फिरवायचा तो हात होता. काकीनं तोंडात पदर कोंबला.

"काका, ह्या माका की म्हशीक, येवढां तरी सांगा!" सहदेव रडकुंडीला येऊन म्हणाला. गुणाजीनं आभाळाकडे बघितलं. उत्तर देणं म्हणजे शब्द देणं.

पण शपथ शब्दाची होती, हाताची नव्हती. दुसऱ्या दिवशीपासून गुणाजी त्याचा घोटा धरून पाय जिथे हवा तिथे ठेवू लागला, खांदा दाबू लागला, मनगट आपल्या मुठीत घेऊन फिरवू लागला. त्या हाताची बोटं अगदी बाबांसारखी होती, मधलं बोट किंचित वाकडं सुद्धा. इतकी वर्षं समोरासमोर घरं असून ह्या हातानं आपल्या डोक्यावरून एकदाही फिरू नये, ह्याचं सहदेवाला वाईट वाटलं, आणि मग लगेच वाटलं, हा हात आपला मान घ्यायला बसलेल्या माणसाचा आहे. नक्की काय वाटून घ्यावं ते त्याला ठरवता येईना.

दांडा जाऊन हातात बाबांचा पट्टा आला. हात बरा वळू लागला. आणि घोळ वाढला तो इथे. गुणाजी दर वेळी एकच सांगे, "गो म्हशी, डावो पाय फुडे. समोर माणूस आसा असां धरून चल." सहदेवानं घरी आईला खेळून दाखवलं, तर ती दचकलीच.

"डावो? तुजो बापूस उजव्या पायान निघायचो. लगीन होवन इलंय तेव्हापासना मी बघतंय."

शेजारचा भाई ओटीवर पान खात बसला होता. ह्या भाईला दुसऱ्याच्या घरातली चिंता आपल्या घरच्यापेक्षा जास्त. तो म्हणाला, "अरे शाण्या, तो तुका उलटो शिकयता! मांडार अडाखळान पडलंस, काय मान तेका. कळता काय?"

वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांना ह्यातलं खरं काय ते माहीत होतं. पण ज्याला त्याला वाटलं, ह्या पोराला माहीतच असेल, घरचंच आहे. आणि सहदेवाला त्यांना विचारायचं सुचलं नाही.

त्यानं विचारलं ते काकालाच. "काका, बाबा उजव्या पायान निघायचे. तुमी डावो कित्याक शिकयतास?"

गुणाजी जागीच थांबला. त्याचा जबडा हलला. तो म्हशीकडे वळला, म्हणाला, "गो म्हशी," आणि तिथेच अडकला. पुन्हा एकदा "गो म्हशी" म्हणून बघितलं. मग खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसत घरात निघून गेला आणि त्या दिवशी बाहेर आलाच नाही.

"मांडार कळात तुका," काकी हळूच म्हणाली. "माका तरी खंय सगळां सांगतत? तेंका जरा येळ दी."

मनात चोर असल्याशिवाय माणूस असा पळतो का? सहदेव परत येताना हेच घोकत होता. पण मग चोर रोज पहाटे उठून घोटा धरून पाय ठेवायला शिकवतो का? तेही पटेना. आई म्हणे उजवा, काका म्हणे डावा, भाई म्हणे घात, काकी म्हणे थांब. बिचारा घरात पाणी प्यायला उठला तरी कुठला पाय आधी टाकू म्हणून उभा राही.

शिमग्याचा दिवस उजाडला. दुपार कलली आणि ढोल वाजू लागले. पालखी देवळातून निघून मांडाच्या तोंडाशी थांबली. सहदेव बाबांचा पट्टा हातात चढवून उभा राहिला. बायकांच्या गर्दीत आईचा चेहरा दिसत होता, पांढराफटक.

तेवढ्यात गुणाजी आला. धुतलेलं धोतर, हातात नारळ, बगलेत फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी लांब. तो सरळ गुरवाकडे गेला, नारळ दिला, कानाशी काही बोलला. गुरवानं पालखीसमोर गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. ढोलांच्या गजरात सहदेवाला एक शब्द ऐकू आला नाही, फक्त जवळच्या लोकांचं "व्हय म्हाराजा!" तेवढं ऐकू आलं. गाऱ्हाणं संपलं तसा गुणाजीनं फडकं सोडलं. आत पट्टा होता.

"बघलंस?" भाई कानाशी लागला. "मान मागून घेतल्यान! तुज्या डोळ्यांदेखत!"

सहदेवाच्या डोक्यातला गोंधळ एका क्षणात संपला. इतके दिवस न सुटलेलं कोडं सुटलं असं त्याला वाटलं, आणि संताप आला. आई खरं सांगत होती. बाबा खरे होते. त्यानं उजवा पाय पुढे टाकला आणि पट्टा फिरवला.

समोरून गुणाजीही निघाला होता. तोही उजव्या पायानंच. दोन पाती एकमेकांवर आडवी आली. काय होतंय ते म्हाताऱ्याला आधी कळलं. पुढच्या हाताला त्याचं पातं पोराच्या मानेवरून जाणार होतं. त्यानं तो हात जिथल्या तिथे सोडून पातं खाली घातलं आणि अंग उघडं राहू दिलं. सहदेवाला हात आवरता आला नाही. पातं गुणाजीच्या दंडात, खोबळ्याच्या वर, खोल गेलं.

ढोल थांबले. बायका ओरडल्या. मांडावर रक्त पडलं म्हणून कुणी, धाकल्यानं घात केला म्हणून भाई, थोरल्याचा पोर काकाला मारतो म्हणून तिसराच कुणी. सहदेव पट्टा घेऊन उभा होता आणि आपण काय केलं ते त्याला अजून समजत नव्हतं.

"गप रवा सगळे!" गुणाजी खाली बसला होता, दंड दाबून. "सहदेवा."

ह्या माणसाच्या तोंडून आपलं नाव सहदेव पहिल्यांदा ऐकत होता.

"उजवो पाय तुज्या बापाशीचो रे. डावो माजो. जोडीचो खेळ तो, आमी दोघां समोरासमोर खेळायचो. भांडाण झालां, तेव्हापासना तो आपलो अर्धो एकटोच खेळीत रवलो, नि मी घरात बसलंय. तुका मी माजो अर्धो दिलंय. तेचो मी घेवन इल्लंय. आता गाऱ्हाणां घालून शबूद सोडवून घेतलंय, ता तुज्यासमोर उभो रवाक."

"माका आधी सांगूचां नाय, काका?" सहदेव कसाबसा बोलला.

"सांगूक बघलंय. पण भावाचां नाव म्हशीक कसां सांगू?"

सहदेव त्याच्या पायांशी बसला आणि लहान पोरासारखा रडला. रुक्मिणी गर्दीतून वाट काढत आली. इतक्या वर्षांत तिनं दिराच्या सावलीतही पाय टाकला नव्हता. आता ती पदर फाडून त्याच्या दंडाला बांधत होती आणि रडत होती. गुरव मात्र अवघडून उभा होता. पालखी खांद्यावर थांबलेली, आणि पट्टा पुरा झाल्याशिवाय ती हलणार नव्हती.

"उठ," गुणाजी म्हणाला. "मान रवाक व्हयो. खेळ."

सहदेव उठला. डावा पाय पुढे टाकून काकानं शिकवलेला सगळा खेळ त्यानं खेळला, एकही हात न चुकता. पालखीनं पाऊल उचललं, ढोल सुरू झाले, मान थोरल्या घरात राहिला.

दोन्ही घरांत जेवणखाण, येणंजाणं सगळं पहिल्यासारखं झालं. गुणाजीचा हात मात्र पुन्हा खांद्याच्या वर गेला नाही, आणि उजव्या पायाचा खेळ दुसऱ्या कुणाला येत नव्हता. सहदेव दर शिमग्याला रजा काढून येत राहिला. काका मांडाच्या कडेला घोंगडीवर बसून बघायचा आणि सहदेव एकटा खेळायचा. लोक दरवर्षी म्हणायचे, वा, काय पुरा खेळ खेळला पोरानं.